फुकटचा चुरा

खोटं कशाला बोलू, शेजारणीची बाग बघून माझा नुसता जळफळाट व्हायचा. सकाळी चहा घेऊन ओट्यावर बसले की नजर नेमकी कुंपणापलीकडे जायची आणि चहाची चवच जायची. आम्ही तीन पिढ्यांचे उज्जैनवाले. ती पुण्याहून आलेली, नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे, चार वर्षांपूर्वी. आल्या आल्या तिनं माझी भाषा सुधारायला घेतली. मी म्हटलं, "आज भरवां भेंडी बनवली," तर ही गोड हसून म्हणते, "भरली भेंडी केलीत? वा!" मी तेव्हाच मनात गाठ मारली.

आणि बाग तरी कशी! मे महिन्यात आमच्या काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तेव्हाही हिच्या मोगऱ्याला फुलं. गुलाबाच्या बुडाशी तपकिरी, जाड, मऊ थर, गोधडी पांघरल्यासारखा. गवताची एक काडी दिसेल तर शपथ. आमच्याकडे पाणी घालून घालून पाइप झिजला, तरी जास्वंद मान टाकून उभी. कॉलनीतल्या बायका संध्याकाळी फिरायला निघाल्या की तिच्या फाटकाशी थांबायच्या. माझ्या फाटकाशी थांबायच्या त्या फक्त चप्पल नीट करायला.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण माझ्या सासूबाई तिच्याकडे जायला लागल्या, ते काही मला सहन झालं नाही.

सासूबाई चौऱ्याऐंशीच्या. नजरेच्या मधोमध डाग आलाय, कडेकडेचं तेवढं धूसर दिसतं. स्वयंपाक सुटला, वाचन सुटलं, टीव्ही नुसता ऐकायचा. घरातलं एकच काम त्यांच्याकडे उरलं होतं, आणि ते त्यांच्यावाचून दुसऱ्या कुणाला येतही नव्हतं. ते म्हणजे पत्री. हरतालिकेला आणि गणपतीला जी निरनिराळी पानं वाहायची, ती आमच्याकडून न्यायची अशी इथल्या मराठी घरांची पद्धतच पडून गेली आहे. पार माधव नगरातून बायका ताटं घेऊन येतात. सासूबाई मागच्या पायरीवर पाट टाकून बसतात, पान हातात घेतात, चुरगळून नाकाशी नेतात आणि सांगतात, हा माका, हा मरवा, हे डोरलीचं, जपून, काटे आहेत. दूर्वा मोजून जुड्या बांधायचं काम माझं. लग्न होऊन आले त्या वर्षापासून माझंच.

बेल, शमी, रुई ही पानं कुठूनही तोडून आणता येतात. पण दूर्वा, आघाडा, माका आणि डोरली आमच्या मागच्या अंगणातल्या कोपऱ्यात यायच्या. टाकीजवळ, खाटेएवढी जागा. कुणी लावलेलं नाही, पावसाबरोबर आपोआप उगवायचं. बघणाऱ्याला वाटावं गवत माजलंय. खरं सांगते, मलाही तो कोपरा बघून लाज वाटायची, त्या गुलाबांच्या शेजारी तर फारच.

त्या उन्हाळ्यात सासूबाई रोज संध्याकाळी काठी टेकत तिच्याकडे जायच्या आणि परत आल्या की सांगायच्या, "तिच्याकडे पायाला किती मऊ लागतं गं. आणि वास! सकाळी पाऊस झाल्यासारखा." मी पोळ्या जोरात लाटायची. वर ती त्यांना 'आई' म्हणायची. माझ्या सासूला! तिला स्वतःची सासू नाही का?

तो थर कुठून आणते, हे विचारलं असतं तर तिनं लगेच सांगितलं असतं. पण विचारायचं कोणी? माझी जीभ झडली असती. एका शुक्रवारी नवरा-बायको रिकामी पोती घेऊन गाडीत बसताना दिसले. मी गॅस बंद केला, स्कूटी काढली आणि त्यांच्या मागे लागले. साठीला टेकलेली बाई, तोंडाला ओढणी बांधून पाठलाग करतेय! नानाखेड्याच्या पुढे ते एका मोकळ्या मैदानात वळले. मी रस्त्यापलीकडे उसाच्या रसाच्या गाडीआड उभी राहिले. दोन ग्लास रस पोटात गेला तेव्हा कुठे ते निघाले.

शहरात झाडांची छाटणी होते, त्या सगळ्या फांद्या आणि पालापाचोळा तिथे येतो. एक मशीन त्याचा चुरा करते आणि तो ढीग लोकांसाठी खुला. न्या, फुकट. शेजारीण त्याला 'मल्च' म्हणते. तिथला गमछावाला माणूस चुराच म्हणाला. "बिछा दो आंटीजी," तो म्हणाला, "पानी आधा लगेगा. और घास का एक तिनका नहीं उगेगा, गारंटी." मला तर स्वर्ग दोन बोटं उरला. एक काडी नाही! मी त्याला दोनदा विचारून खात्री करून घेतली.

घरी ह्यांना म्हटलं, चला ना सोबत. हे म्हणाले, "फुकट देतात म्हणजे काहीतरी गडबड असणार," आणि पेपर उलटला. गेले मग एकटीच. मंगळवारी आणि शुक्रवारी, उन्हं चढायच्या आत. ढीग आतून गरम असतो, फावडं घातलं की वाफ येते, कडुनिंबाचा कडसर वास येतो. भरायचं काम अवघड नाही. अवघड असतं ते पोत्याचं तोंड धरणं. एकटीनं धरायला गेलं की तोंड मिटतं आणि चुरा सगळा पायावर. मी एक काठ गुडघ्यात दाबायची, दुसरा दातात. शेजारणीचं पोतं तिचा नवरा धरायचा, दोन्ही हातांनी, अदबीनं. तेही मी रसाच्या गाडीआडून बघितलं होतं. त्यानंसुद्धा माझ्या पोटात दुखलं.

पंधरा दिवसांत पुढची बाग झाकली. बोटांत लाकडाच्या इतक्या बारीक फासा रुतल्या की कणीक मळताना जीव जायचा, पण जास्वंदीनं मान वर केली आणि माझीही मान वर झाली. शेवटची तीन पोती उरली तेव्हा डोक्यात आलं, सासूबाईंना पायाला मऊ लागतं ना? मग आपल्याच घरी लागू दे. मागच्या पायरीपासून टाकीपर्यंत चांगला चार-चार बोटं थर दिला. कोपराही झाकला. हात मागे घेतला नाही.

संध्याकाळी त्यांना हाताला धरून नेलं. अनवाणी पावलं त्या थरावर पडली तशी त्या थांबल्या. टाकीपर्यंत चाचपडत गेल्या. पायाची बोटं चुऱ्यात रुतवली.

"इथंही घातलंस?"

"हो आई. आता काटा नाही, चिखल नाही. तुमच्यासाठीच."

"बरं," त्या म्हणाल्या आणि भिंतीला धरून आत गेल्या.

मला वाटलं, आता शेजारी जाणं थांबेल. कसचं काय! आधी संध्याकाळी जायच्या, आता सकाळीही जायला लागल्या. पाऊस लागला तरी छत्री घेऊन. पुढच्या बागेसाठी मी अजून एक-दोन फेऱ्या केल्या, तर मी पोती घेऊन परत यावं आणि ह्यांनी सांगावं, "आई शेजारी आहे." एकदा जेवायला बसल्या तर नखांत माती. म्हणजे म्हाताऱ्या माणसाकडून बागेत राबवून घेते की काय ही? पुढे बोटांना काळे डाग दिसायला लागले, घासले तरी जात नव्हते. मी विचारलं. म्हणाल्या, "असेल काहीतरी." श्रावण सरता सरता त्यांची साडी धुताना काठाला कुसळं चिकटलेली सापडली. आघाड्याची. माझ्या मनात काय आलं असेल? अच्छा! म्हणजे तिच्या बागेतही गवत माजलंय तर! इतकं बरं वाटलं मला की ती साडी मी इस्त्री करून ठेवली.

एवढी मी हुशार.

श्रावणभर माझ्या अंगणात गवताचं पातं उगवलं नाही. गमछावाल्यानं शब्द पाळला होता. एकदा शेजारीण कुंपणावरून बघत म्हणाली, "ताई, किती स्वच्छ झालं हो! कोपरासुद्धा?" मी म्हटलं, "कोपरासुद्धा," आणि अशी काही मान उडवली की काय सांगू. ती काहीतरी बोलणार होती, पण वळून आत गेली.

हरतालिकेच्या दोन दिवस आधी मी पत्रीचं ताट घासायला काढलं आणि घासता घासता हात थांबला. दरवर्षी पहिल्या पावसापासून सासूबाईंचा धोशा असायचा, माका आला का गं, दूर्वा कुठवर आल्या. यंदा त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. मी तशीच राखेच्या हातांनी मागे धावले. चुरा उपसला. खाली दूर्वांचे पांढरेफटक दोरे, उजेड न मिळालेले. माका नाही. आघाडा नाही. डोरलीचं एक काळं पडलेलं खोड. बाई गं! त्यांचं एकुलतं एक काम मी माझ्या हातानं गाडून टाकलं होतं, वर 'तुमच्यासाठीच' म्हणून.

दुसऱ्या दिवशी देवास गेटच्या बाजारातून दूर्वांच्या गड्ड्या आणल्या, सुकलेला आघाडा आणला. माका कुठेच मिळाला नाही. सासूबाईंना काय सांगायचं ते रात्रभर ठरवत होते. सकाळी उठून बघते तर त्या खोलीत नाहीत. मागच्या पायरीवर नाहीत. त्यांचा पाटही नाही.

फाटकाशी पहिल्या दोघी ताटं घेऊन आल्या होत्या. "आजी कुठे आहेत?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात कुंपणापलीकडून सासूबाईंचा आवाज आला, "इकडे या गं! यंदा इकडे!"

त्या दोघी गेल्या. मग आणखी तिघी आल्या, त्याही गेल्या. मी माझ्या फाटकाशी, हातात ती सुकलेली गड्डी, तोंडात मारल्यासारखी उभी. बाग तिची, बायका तिच्या, आता सासूही तिची आणि पत्रीही तिची! इतका राग आला की रडू फुटलं. पण घरात हरतालिका मांडायची होती. पूजा तर टळत नाही. मी ताट उचललं आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या दारात पत्री मागायला गेले.

तिच्या घरामागे, गुलाबांपासून दूर, कूलरच्या जुन्या टाक्या आणि फुटके टब ओळीनं ठेवले होते. एकात दूर्वा, हिरव्यागार. एकात माका. एकात आघाडा, कमरेएवढा. टाकीतली माती काळी, मी ओळखली. आमच्या कोपऱ्यातली. शेजारीण माझ्याकडे बघून कानकोंडी झाली. "ताई, आईंनी पावसाआधीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही चुरा आणायला गेलात की मी घमेल्यानं माती आणायचे. थर बाजूला सारून मुळं त्यांनीच खणून दिली, हातानं चाचपून. मी म्हणत होते तुम्हाला सांगू या. त्या नको म्हणाल्या."

म्हणजे मी पोती ओढत होते तेव्हा ह्या दोघी घमेली वाहत होत्या. आणि हिला सगळं माहीत होतं. मला नाही. खरं सांगते, कोपरा गेला त्यापेक्षा हे जास्त लागलं. सासूबाईंनी गुपित सांगायला माणूस निवडलं, आणि ते माणूस मी नव्हते.

सासूबाई पाटावर बसल्या होत्या. बोटं माक्यानं काळी. मी रांगेत उभी राहिले आणि पाळी आली तसं ताट पुढे केलं. त्यांनी ताटाचा काठ चाचपला.

"कोण गं?"

"मी," म्हटलं.

त्यांनी ताट सोडून माझा हात धरला. फासांनी खरखरीत झालेल्या बोटांवरून अंगठा फिरवला.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं. सगळ्या बायका ऐकत होत्या, ऐकू देत.

"काय सांगू? दातांत पोतं धरून आणत होतीस म्हणे. माझ्या पायांसाठी. ते ऐकल्यावर मी कुठल्या तोंडानं सांगू, की सूनबाई, काढ ते?"

दातांत पोतं! तेही तिनंच पाहिलं असणार. मी रसाच्या गाडीआड लपून तिला बघत होते, आणि ती मला कुठून बघत होती कोण जाणे.

"आता उभी काय राहिलीस पाहुणीसारखी?" सासूबाई म्हणाल्या. "बस खाली. दूर्वा मोजायला लाग. तिला नाही जमत, जुड्या सैल बांधते."

मी बसले. शेजारणीनं बांधलेल्या सगळ्या जुड्या सोडल्या आणि एकूण एक पुन्हा बांधल्या.

गणपती गेल्यावर मी मागच्या अंगणातला चुरा काढायला घेतला. पाठीमागे पाऊल वाजलं. शेजारीण न बोलावता आली होती. तिनं पोतं उचललं आणि दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरून माझ्यासमोर उभी राहिली. ती मला आवडत नाही, आजही नाही. पण मी फावडं भरलं आणि ओतलं, आणि एक चिमूटही बाहेर सांडली नाही.