उलबोसिनचा घास

आमच्या चिम्बाय गावात उलबोसिनसारखं मांस बारीक चिरणारी दुसरी बाई नाही. लग्न असो की बारसं, तिला बोलावल्याशिवाय बारीक चिरलेल्या मांसाचा तुरामा शिजायचा नाही. मग तिला क्षय झाला, तोही जुन्या औषधांना न जुमानणारा, आणि गावानं तिला पार टाकलं. इंजेक्शनांनी अर्धे कान गेले, खोकला तसाच राहिला. सून बाळंत झाली तेव्हा नात तिला खिडकीच्या काचेतून दाखवली. मेल्यांना लाजसुद्धा वाटली नाही.

नुकुस शहरातल्या दवाखान्यातली डॉक्टर झमीरा म्हणाली, "नव्या गोळ्या आल्यात. गुण येईल असं वाटतं, पण खात्री नाही. तेच तपासून बघतोय. नको असेल तर नाही म्हणा."

दीर उखडला. "वहिनी, तू काय उंदीर आहेस, प्रयोग करायला?"

"उंदराला कोण विचारतं? मला विचारलं तरी," उलबोसिन म्हणाली. मी शेजारीण, तिच्याहून वयानं मोठी; मला मात्र हळूच म्हणाली, "आपा, नातीला माझ्या हातानं एक घास भरवायचाय. बाकी काही नको."

गोळ्यांनी तिला मळमळायचं, पाय बधिर व्हायचे. तरी तिनं एकही चुकवली नाही. भेटायला एकटी मीच जायचे आणि बाहेरून ओरडून बोलायचे. घरचं कुणी फिरकलं नाही.

आणि बाई बरी झाली. बेडका पुन्हा पुन्हा तपासला, जंतू नाही. झमीरानं घरच्यांना बजावून सांगितलं, आता एका ताटात जेवा, कुणाला काही होणार नाही.

मी माझ्या घरी तुरामा केला, सगळ्यांना बोलावलं. परातीभोवती बसल्यावर वयानं मोठ्या माणसानं मूठभर मांस घेऊन लहानाच्या तोंडात भरवायचं, ही आमची रीत. नाही म्हणणं म्हणजे अपमान. उलबोसिननं हात धुतले, मूठ भरली आणि नातीकडे वळली. पोरीनं आ केला. सुनेनं तिला पटकन मांडीत ओढलं आणि म्हणाली, "तिचं पोट भरलंय, आई."

 उलबोसिनचा हात तसाच अधांतरी. मला इतका संताप आला की परात उलथून टाकावीशी वाटली. मी तिच्याहून मोठी, मला भरवायची रीत नाही. तरी मी तोंड पुढे केलं.

"तुला काय, म्हातारे, तू मेलीस तरी कुणाला नवल नाही," ती हसून म्हणाली आणि मला घास भरवला. पण भरवताना ती बघत होती नातीकडेच.