सावडीच्या दिवशीचा पेपर

आंबीच्या ज्या कारखान्यात मी नोकरी करते, तिथले सर्व्हर आणि नेटवर्क माझ्या ताब्यात होते. होते म्हणते, कारण आता नाहीत. ते कसे गेले ते सांगते.

आमच्या कामात पदवीला फार किंमत नाही. प्रमाणपत्र लागतं आणि त्याला मुदत असते. दर काही वर्षांनी परीक्षा द्यायची, की ते पुढे चालू राहतं. मी हे नेमाने करत आले. गॅसच्या सिलिंडरसारखं. संपायच्या आत नंबर लावायचा, कुरकुर करायची नाही.

गेल्या उन्हाळ्यात मेल आला की माझी मुदत संपत आली आहे आणि मी आजवर देत आले ती परीक्षा जुलैअखेर कायमची बंद होणार आहे. त्याआधी पास झालं तर प्रमाणपत्र पुढची काही वर्षं जिवंत. नंतर नवी परीक्षा, आणि ती सगळी क्लाउडवरची. आमच्या कारखान्यात क्लाउड नाही. जिन्याखालच्या थंड खोलीत लोखंडी कपाटात घरघरणारी यंत्रं आहेत. त्यांचं काय बिनसलंय ते मला नुसत्या आवाजावरून कळतं. क्लाउड मला पुस्तकापुरताच माहीत.

कारखान्याचे प्रमुख सरळ माणूस. त्यांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "मॅडम, ऑगस्टमध्ये कस्टमरचं ऑडिट आहे. सिस्टिम ज्याच्या हातात, त्याचं सर्टिफिकेट चालू पाहिजे. नसेल तर मला पुण्यातल्या एजन्सीला काम द्यावं लागेल."

"एजन्सीवाले रविवारी फोन उचलतील का, सर?"

"नाही उचलणार. पण त्यांची सर्टिफिकेटं चालू असतील."

परीक्षा बंद होणार म्हटल्यावर सगळेच शेवटच्या महिन्यात जागे होतात. मीही त्यातलीच. पुण्यातल्या केंद्रांवर जागा उरली नव्हती. घरून देता येत होती, पण तिचे नियम कडक. बंद खोलीत एकटं बसायचं, टेबलावर काही ठेवायचं नाही, कॅमेरा आणि माइक चालू. नजर ठेवणारा माणूस कुठल्यातरी दुसऱ्या देशात बसलेला. खोलीत कुणी आलं की परीक्षा रद्द. त्याही जागा झपाट्याने भरत होत्या.

मळवलीत आमचं एकत्र घर आहे. सासूबाई, आम्ही दोघं, धाकटे दीर, जाऊ आणि मुलं. दोन तास एकटीने बसायला तिथे कोपराही मिळत नाही. फक्त आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत घर रिकामं होतं. भाताची आवणी आमच्याकडे अजून सावडीने होते, कारण पैसे देऊनही माणसं मिळत नाहीत. पाच घरं मिळून एकेकाच्या खाचरात उतरतात आणि ज्याच्या खाचरात काम, त्याच्या घरी सगळ्यांचं जेवण. पाळ्या सासूबाई लावतात, कारण त्यांच्याशी वाद घालायची कुणाची छाती नाही. त्यांनी सांगितलं, बुधवारी वरच्या आळीतल्या भाऊंची आवणी, गुरुवारी आपली. म्हणजे बुधवारी आमचं घर सकाळपासून रिकामं आणि जेवणही दुसरीकडे. मी बुधवारी अकराची वेळ घेतली, रजा टाकली आणि नवऱ्याला रजेचं तेवढं सांगितलं. परीक्षेचं कुणालाच बोलले नाही. घरात चर्चा नको होती.

मंगळवारी संध्याकाळी घरी आले तेव्हा सासूबाई ओट्यावर मटकी निवडत बसल्या होत्या. खूप मटकी. मला तिथेच शंका आली.

"भाऊंचा टिलर बंद पडला," त्या म्हणाल्या. "त्यांची चिखलणी ऱ्हायली. मी पाळी बदलली. उद्या आपली आवणी. तुजी रजा हायेच, लय बरं झालं."

सासूबाईंना मी आत्या म्हणते. म्हटलं, "आत्या, रजा आवणीसाठी नाही. उद्या माझा पेपर आहे."

"कसला पेपर?"

"परीक्षेचा. कामाच्या."

आतून जाऊ हसली. "अहो ताई, माझं पोरगंही एवढे पेपर देत नाही."

"मागं दिलावतास न्हवं?" आत्या म्हणाल्या. "पास बी झालीवतीस. पेढं वाटलं आपुन."

"त्याची मुदत संपली."

"शिकलेल्याची कुटं मुदत आस्ती? मी चौथी पास हाय. ती अजून हायेच की."



"पुढं ढकल," त्या म्हणाल्या.

"ढकलता येत नाही. परीक्षाच बंद होतेय, नंतर कधीच नाही. तुम्ही आवणी ढकला."

"रोप जून झालंय. आनि चार घरी सांगावा गेलाय." मटकीतला खडा त्यांनी अंगणात फेकला. "न्हाई झाला पेपर, तर काय व्हईल?"

"माझं काम दुसऱ्याला देतील."

"नोकरी?"

"नोकरी राहील. काम जाईल."

हा फरक त्यांना कळेल असं मला वाटलं नव्हतं. पण त्यांचे हात थांबले. मग म्हणाल्या, "किती वेळ बसायचंस?"

"अकरा ते एक."

"बस मग. सैपाक धाकटीवर. पर बाया जेवायला येनार. त्यास्नी दारातून माघारी लावायचं न्हाई."

"ओट्यावर बसवा. फक्त आत कुणी येता कामा नये. आत पाऊल पडलं की पेपर रद्द."

"माशी बी जायाची न्हाई," आत्या म्हणाल्या.

बुधवारी मी भिंतीवरचं कॅलेंडर आणि घड्याळ काढलं, मोबाइल जावेकडे दिला, लॅपटॉप फिरवून कॅमेऱ्याला चारी भिंती दाखवल्या. बाहेर खुर्ची ओढल्याचा आवाज आला. आत्या खाचरात गेल्याच नव्हत्या. आवणीला त्या घरी राहिल्या, हे माझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच घडत होतं. दाराबाहेर खुर्ची टाकून त्या राखण करत बसल्या.

पेपर चांगला चालला होता. हे मी सांत्वन म्हणून सांगत नाही. विषय माझ्या हातातला होता. अर्ध्याहून जास्त प्रश्न सोडवून झाले तेव्हा पाऊस वाढला आणि बाया वेळेआधीच परत आल्या.

"ए, चपला हळू काढा!" दाराबाहेरून आत्यांचा आवाज आला. खाचरातून गावाला हाक मारायची सवय असलेला आवाज. "आत पेपर चाललाय!"

"कुनाचा गं, मावशी?"

"माज्या सुनंचा! कंपनीचा हाय! कुनी बोलायचं न्हाई!"

"आमी कुटं बोलतोय? तूच बोलतीयास!"

सगळ्या हसल्या. माझ्या स्क्रीनवर चौकट उघडली. खोलीत दुसरी व्यक्ती आहे का? मी 'नाही' असं लिहिलं. पुन्हा खोली दाखवा. दाखवली. पुन्हा आवाज आला तर परीक्षा थांबवावी लागेल.

मला बोलता येत नव्हतं, उठता येत नव्हतं. कुणाला आत सोडायचं आणि कुणाला नाही, याचे नियम यंत्राला लिहून देणं हे माझं रोजचं काम. नियमात जे लिहिलेलं नाही ते यंत्र अडवत नाही, हे मी नव्या माणसांना शिकवते. आत्यांना मी पावलांचं सांगितलं होतं. आवाजाचं सांगितलं नव्हतं.

थोडा वेळ बाहेर शांतता होती. मी भराभर प्रश्न उरकत होते. मग बाहेर जड पावलं वाजली. वरच्या आळीतले भाऊ. टिलर दुरुस्त झाल्याचं सांगायला आले असावेत.

"दार का लावलंय? आत कोन हाय?"

"थांबा भाऊ!" आत्या ओरडल्या. "एक पाऊल पुढं टाकलंत तर बगा! माज्या सुनंचा पेपर हाय!"

स्क्रीन राखाडी झाली. परीक्षा समाप्त करण्यात आली आहे. कारण, खोलीत अन्य व्यक्तीचा आवाज. मोजकेच प्रश्न उरले होते.

मी लॅपटॉप मिटला आणि दार उघडलं. आत्या दोन्ही हात चौकटीला लावून माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. समोर भाऊ आणि ओट्यावर ओल्या पातळातल्या बाया. आत्या वळल्या. चेहरा नुसता फुललेला.

"झाला? एकाला बी आत सोडलं न्हाई."

"नाही झाला. त्यांनी बंद केला. आवाज गेला आत."

"कुनाचा?"

"तुमचा."

जाऊ नंतर मला म्हणाली, "ताई, झाला म्हणायचं होतं. तेवढ्या खोट्याने काय बिघडलं असतं?" मला तसं वाटत नाही. तासाभरात आत्यांनी निकाल विचारला असता आणि संध्याकाळपर्यंत पेढे आणले असते.

आत्यांचे हात खाली आले. "आवाज बी चालत न्हाई?"

"नाही."

"मग तसं सांगायचं व्हतंस."

"हो. सांगायला हवं होतं."

आत्यांनी मग जावेला हाक मारली, "वाड गं, बाया गारठल्यात." मी आमटीचं भांडं उचललं आणि वाढायला लागले. आवणीच्या जेवणात एरवी एकमेकींच्या नवऱ्यांवरून चेष्टा चालते. त्या दिवशी सगळ्या मुकाट जेवल्या. दुपारी मी खाचरात उतरले. रजा घेतलेलीच होती.

परीक्षेच्या कंपनीला मी लिहिलं. दोन ओळींचं उत्तर आलं की नियमाप्रमाणे झालं आहे आणि महिनाअखेरपर्यंतच्या सगळ्या जागा भरल्या आहेत. ऑगस्टमध्ये त्यांच्या साइटवरून ती परीक्षा गेली. ऑडिटच्या आधी मी एजन्सीच्या माणसाला पासवर्ड, किल्ल्या आणि कुठल्या यंत्राला कधी काय होतं ते सगळं समजावून दिलं. त्याने अर्धंच ऐकलं. पगार माझा तोच आहे. काम आता प्रिंटरचं आणि पासवर्ड विसरलेल्या लोकांचं. जिन्याखालच्या खोलीवरून जाताना पंख्याचा आवाज बदललेला ऐकू येतो. पहिल्यांदा मी जाऊन एजन्सीच्या माणसाला सांगितलं. "बघतो, मॅडम," म्हणाला. आता मी सांगत नाही.

साहेब म्हणाले होते, नवी परीक्षा पास व्हा आणि काम परत घ्या. डिसेंबरात पुण्यात केंद्रावर जाऊन दिली. नापास झाले, आणि थोडक्यात नाही. जे रोज हाताखालून जात नाही ते या वयात वाचून डोक्यात बसत नाही. एखाद्या परक्या घराचा नकाशा पाठ करावा तसं होतं. आयुष्यात मी पहिल्यांदा नापास झाले होते. घरी जेवताना सांगून टाकलं. नवरा म्हणाला, "पुन्हा दे." आत्यांनी माझ्या ताटात भात वाढला. जुलैपासून पेपर हा शब्दच त्यांच्या तोंडून आला नव्हता.

त्यानंतर मी सांगत राहिले की अभ्यास चालू आहे. चालू होताच. पण तारीख घेतली नव्हती.

यंदा मे संपता संपता एका रविवारी मी स्वयंपाकघरात पुस्तक उघडून बसले होते. आत्या बियाण्याची पाटी कमरेवर घेऊन दारात आल्या. आत आल्या नाहीत, उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

"पेपर कवा हाय?" आवाज एवढा हळू, की मला आधी वाटलं दुसरंच कुणी बोललं.

"का?"

"तारीक सांग, मंग भात टाकते. म्हंजी रोप त्या दिवसावर यायाचं न्हाई."

"जुलैत," मी दडपून सांगितलं. "पण पुण्यात आहे. आवणीशी संबंध नाही."

"हितं न्हाई?"

"इथे नाही."

त्यांनी पाटी दुसऱ्या कमरेवर घेतली. "तितं दाराशी कोन आस्तं?"

"असतो एक माणूस."

"गप ऱ्हातो का त्यो?"

"राहतो."

"आनि ह्यो पेपर? ह्यो बी बंद करत्याल?"

"करतील, कधीतरी."

"मग त्याच्या आदी दे," आत्या म्हणाल्या आणि वाफ्याकडे निघून गेल्या.

सराव परीक्षेत मी अजून पास होत नाही. तरी लॅपटॉप उघडला आणि जुलैची तारीख घेतली.