ओसाकाचा गिटारवाला, सिंदी मेघेचा तेजूभाऊ

वर्ध्याला लागून असलेल्या आमच्या सिंदी मेघेत येऊन तेत्सुया ओकाबे कुठे राहतो असं विचारलंत, तर कुणी सांगू शकणार नाही. तेजूभाऊ म्हणालात तर पानठेलेवाला तुम्हाला थेट दारापर्यंत आणून सोडेल आणि वाटेत त्याचा सगळा इतिहासही ऐकवेल. त्यातला निम्मा खोटा असेल. तो कराटेचा मास्तर आहे, त्याच्या बापाचा मोटारींचा कारखाना होता, तो कच्चे मासे खातो, या सगळ्या थापा. बाप रेल्वेत तिकीट तपासायचा. आणि खाण्याचं म्हणाल, तर त्याच्या बायकोच्या, छायाताईच्या हातचा लालभडक रस्सा तो आमच्यापेक्षा सहज ओरपतो, आम्ही नाक पुसत बसतो.

खरं काय ते मी सांगतो. मी कैलास, माझा साउंड सिस्टिमचा धंदा. जयंती असो, लग्न असो, नेत्याची सभा असो, मी माझे डबे आणि भोंगे घेऊन हजर. अश्वजितच्या भीमगीतांच्या ऑर्केस्ट्राचा साउंड सत्तावीस वर्षं माझाच आहे आणि त्या ऑर्केस्ट्रात तेजूभाऊ गिटार वाजवायचा. 'वाजवायचा' असं लिहिताना मला माझाच राग येतो. तो राग कशाचा, तेच सांगायला बसलो आहे.

ओसाकात त्याचा चार जणांचा रॉक बँड होता. त्यांच्या तीन कॅसेट निघाल्या. एका उन्हाळ्यात त्यांचं एक गाणं रेडिओवर दिवसातून चार चार वेळा लागायचं, पुढच्या उन्हाळ्यात एकदाही लागलं नाही. त्या काळातला एक फोटो घरी आहे. कमरेपर्यंत लाल रंगवलेले केस, चामड्याची पँट, उघडी छाती. छायाताई तो फोटो कपाटात साड्यांच्या खाली ठेवते, पाहुण्यांच्या हाती लागू नये म्हणून. गाणारा एक दिवस बँड सोडून सासऱ्याच्या दुकानात बसला आणि सगळं मोडलं. तेजूभाऊ तेव्हा एकोणतीस वर्षांचा. त्याचा एक काका भिक्खू होता, तो वर्ध्याला जपानी भिक्खूंनी बांधलेल्या स्तुपाला यायचा. पोराचं डोकं जरा ठिकाणावर येईल म्हणून त्यानं त्याला पंधरा दिवसांसाठी सोबत आणलं. काका परत गेला, पुतण्या राहिला.

कशासाठी राहिला, हे मी त्याला हजारदा विचारलं असेल. तो एकच सांगायचा. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत त्यानं अश्वजितला ट्रकवर गाताना ऐकलं. "तिकडं आमी जीव तोडून वाजवू तं समोर तीनशे पोट्टे, हाताची घडी घालून उभे. इथं आजीबाई नातवाले कडेवर घेऊन नाचून राह्यली होती." दुसऱ्या दिवशी तो गिटार घेऊन अश्वजितच्या अंगणात उभा. अश्वजित वीस-बावीसचा, त्याला ना जपानी येत होती ना धड इंग्रजी. दोघांनी तासभर वाजवलं आणि भाषेचा प्रश्न मिटला. भीमगीतात असा गुरगुरणारा गिटार आमच्या जिल्ह्यात कुणी ऐकला नव्हता. जुनी माणसं आधी वैतागली, मग हळूहळू कार्यक्रमाची सुपारी देताना तीच विचारायला लागली, जपानी येणार ना?

लग्न छायाताईशी झालं. ती दवाखान्यात नर्स. तिच्या वडिलांनी जावयाची चौकशी करताना पितो का एवढंच विचारलं. विहारात लग्न लागलं, गाथा पालीत, त्या आम्हालाही कुठं समजतात, त्यामुळे नवरदेवाला फार काही समजलं नाही तरी चाललं. त्याची वऱ्हाडी बोली तिच्याकडूनच आली. मी दहा वर्षांनी लहान, मी त्याला 'तुमी' म्हणायचो. त्यानं पहिल्या आठवड्यातच बंद करवलं. म्हणाला, "आमच्याकडं मान द्यायचे शब्द लय हायेत. त्यायलेच कंटाळून पळून आलो मी. तू मले तूच म्हण."

माझा धंदा त्यानंच उभा केला, हेही सांगून टाकतो. मी सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवणारा माणूस होतो. त्यानं मला मिक्सरवर बसायला शिकवलं. कलाकाराच्या पायाशी, तोंड त्याच्याकडे करून एक डबा ठेवायचा, त्याला मॉनिटर म्हणतात, हे मला त्यानंच सांगितलं. वाजवणाऱ्याला त्या डब्यातून स्वतःचं ऐकू येतं. लोकांना मोठ्या भोंग्यांतून काय ऐकवायचं आणि कलाकाराला डब्यातून काय ऐकवायचं, या दोन्ही गोष्टी साउंडवाल्याच्या बोटांत असतात.

गेल्याच्या गेल्या दिवाळीनंतर त्याचं बोट वाकायला लागलं. डाव्या हाताचं, करंगळीच्या शेजारचं. दुखणं नाही, सूज नाही. त्या हातानं तो पाण्याची बादली उचलायचा, शर्टाची बटणं लावायचा, छायाताईची स्कूटी चालवायचा. गिटार हातात घेतला की तेवढं एक बोट तळव्यात शिरून बसायचं. दुसऱ्या हातानं उलगडावं तर पुन्हा तेच. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की बोटात काही बिघाड नाही, मेंदूत आहे. चाळीस वर्षं तीच हालचाल केली की कधी कधी असं होतं. नक्की औषध नाही, व्यायाम करा, दर दोन महिन्यांनी दाखवा.

लोकांचा विश्वास बसेना. चांगला तर हात आहे, आत्ताच चहाचा कप धरला होता, मग वाजवायलाच काय होतं? कुणी म्हणालं म्हातारा आळशी झाला. कुणी म्हणालं गिरडच्या दर्ग्यावर जाऊन नवस बोल. छायाताई विहाराच्या समितीवर, असल्या गोष्टींवर तिचा कधीच विश्वास नव्हता. तरी एका रविवारी ती स्वतः त्याला घेऊन गिरडला गेली आणि टेकडी चढून दर्ग्यावर धागा बांधून आली. मला म्हणाली, "कोणाले सांगजो नोको, कैलासभाऊ. मले दुसरं काई सुचत नाई." तिच्या तोंडून हे ऐकलं आणि मला पहिल्यांदा भीती वाटली.

जानेवारीतल्या एका कार्यक्रमात गाणं चालू असताना त्याचा एकट्याचा तुकडा आला आणि बोट आत गेलं. नुसती खरखर. तो पुन्हा सुरू करायचा, पुन्हा खरखर. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, जपानी माल खराब झाला. लोक खो खो हसले. तेजूभाऊही हसला, त्याला दुसरं काय करता येणार होतं? त्यानंतर फेब्रुवारीत गिरडच्या अलीकडच्या एका गावात रमाई जयंतीचा कार्यक्रम झाला, तो कसातरी पार पडला. परत आल्यावर अश्वजित माझ्या दुकानात येऊन बसला.

"मी त्याले काढू शकत नाई," तो म्हणाला, "अन ठेवू बी शकत नाई. तूच सांग."

आणि मी सांगितलं. कल्पना माझी, दुसऱ्या कुणाच्या माथी मारत नाही. हरिदास आमचा कीबोर्डवाला, त्याच्या कीबोर्डात गिटारचा आवाज आहे. तेजूभाऊचे सगळे तुकडे त्याला पाठ. तेजूभाऊ वाजवेल तेव्हा हरिदासनं तेच वाजवायचं. मी मिक्सरवर तेजूभाऊचा आवाज पूर्ण खाली ओढणार, हरिदासचा वर घेणार. तेजूभाऊच्या डब्यातही तोच सोडणार. ढोलकी, पॅड आणि गर्दीचा गोंगाट, त्यात चाळीस वर्षांच्या आवाजानं अर्धे गेलेले त्याचे कान, त्याला कळणार नव्हतं. एकच कार्यक्रम असं करू, निदान माणसाची बेइज्जती तरी होणार नाही, असं आम्ही ठरवलं.

पुढचा कार्यक्रम झाला. तेजूभाऊ स्टेजवरून उतरून सरळ माझ्याकडे आला, माझा दंड धरला. "कैलास, बोट चाललं. ऐकलं ना तू? चाललं."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण समोर त्याचा चेहरा होता. मी म्हणालो, हो भाऊ, ऐकलं.

मग ते आमच्या हाताबाहेर गेलं. त्यानं स्वतःची एक समजूत करून घेतली. घरी बोट वाकतं, स्टेजवर उघडतं, म्हणजे समोर माणसं असली की बोट ऐकतं. तो डॉक्टरांचे व्यायाम करेनासा झाला. नागपूरची तारीख आली तेव्हा म्हणाला, बऱ्या माणसाले काऊन नेता दवाखान्यात? छायाताई एक दिवस डबाभर तिळाच्या वड्या घेऊन माझ्या दुकानात आली. "तुमी लोकायनं त्याले सोडलं नाई म्हणून हे झालं," असं म्हणून डबा ठेवून गेली. त्या वड्या मला खाववल्या नाहीत, टाकवल्याही नाहीत. मी अश्वजितला म्हणालो, आता सांगून टाकू. तो म्हणाला, चौदा एप्रिल होऊ दे. चौदा एप्रिलला वर्ध्यात हजारो लोक नाचले. तेजूभाऊ गिटार उंच धरून रडला. त्यानंतर सांगायचं कुणी? मी हरिदासकडे पाहायचो, हरिदास मान खाली घालायचा.

बुद्धपौर्णिमेला सिंदी रेल्वे या दुसऱ्या गावी कार्यक्रम होता. तिसरं गाणं रंगात आलेलं, तेजूभाऊचा तुकडा सुरू झाला आणि त्याच्या गिटारची तार तुटली. ती गालावर येऊन लागली तसा त्यानं डावा हात चटकन काढून घेतला.

गिटार वाजतच राहिला.

मी तीस फुटांवर होतो. त्यानं आधी आपल्या रिकाम्या हाताकडे पाहिलं. मग पायाशी ठेवलेल्या डब्याकडे. मग हरिदासकडे. हरिदास घामाघूम, पण थांबता येईना, थांबला तर गाणं पडलं असतं. माझं बोट मिक्सरवर होतं. आवाज खाली ओढला तर सगळ्या गावासमोर सगळं उघडं पडणार, नाही ओढला तर तो तिथं उभा राहून ऐकत राहणार. मी काहीच केलं नाही. उभ्या आयुष्यात इतका निकामी मी कधी झालो नव्हतो.

चार-पाच सेकंद गेले असतील. मग तेजूभाऊनं हात पुन्हा गिटारवर ठेवला. बोट आत वळलेलं मला तिथून दिसत होतं. तशाच हातानं, हरिदासच्या सुरावर मान हलवत, हसत, तो गाणं संपेपर्यंत वाजवल्यासारखं करत राहिला. पुढची सात गाणीही त्यानं तशीच काढली. लोकांना काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-अकराला तो दुकानात आला. मी वायरी गुंडाळत होतो. तो एका आडव्या डब्यावर बसला, गालावर तारेचा बारीक लाल ओरखडा. मी बोलायला लागलो, कसं झालं, का केलं, कुणाची चूक. त्यानं हात वर करून थांबवलं.

"तीन महिने मले वाटलं, मी बरा होऊन राह्यलो," तो म्हणाला. "लय चांगले गेले ते तीन महिने. तुह्यावर राग नाई मायावाला."

राग असता तर बरं झालं असतं. मला शिव्या हव्या होत्या.

"एक सांग फक्त. लोकायनं मले खरं, मीच वाजवलेलं, शेवटचं कधी ऐकलं?"

विचार करायची गरज नव्हती. "रमाई जयंती, भाऊ. गिरडच्या अलीकडं. शाळेच्या पटांगणात."

"हं." त्यानं डोळे मिटले. उजवा हात मांडीवर हलायला लागला, तारा छेडल्यासारखा. थोडा वेळ हलला, मग थांबला. "काय वाजवलं मी त्या दिवशी?"

मी हातातली वायर खाली ठेवली.

"मले काईच आठवत नाई, कैलास. शेवटचं हाये हे मले काय माहीत होतं. तू तं होता तिथं. कसं वाजलं?"

खूप छान वाजलं असं म्हणायला मी तोंड उघडलंही. पण तीन महिने याच माणसाशी खोटं बोललो होतो आणि तो माझ्या तोंडाकडे पाहत होता. खरं असं की त्या दिवशी जनरेटर सारखा बंद पडत होता. मी अर्धा कार्यक्रम स्टेजच्या मागं जनरेटरवाल्याशी भांडत होतो आणि उरलेला अर्धा तो पुन्हा बंद पडतो की काय म्हणून कान तिकडे लावून बसलो होतो. गिटार मी ऐकलाच नव्हता. तसं सांगितलं.

त्यानं मान हलवली. त्या गावच्या मंडळाच्या ग्रुपवर त्या दिवसाचा काही व्हिडिओ आहे का, ते मी माझ्या फोनवर शोधलं. एक होता, त्यात पाहुण्यांचा सत्कार आणि भाषण. तोवर त्यानं स्वतःचा फोन काढून हरिदासला लावला. हरिदासला आधी वाटलं तो भांडायला फोन करतो आहे, तो माफी मागत सुटला. तेजूभाऊनं त्याला शांत केलं आणि तेच विचारलं. हरिदासला आठवत नव्हतं. मग त्यानं अश्वजितला लावला. फोन स्पीकरवर होता, मलाही ऐकू येत होतं.

"चांगलंच वाजलं असन, भाऊ," अश्वजित म्हणाला. "आता तेवढं कोणाले आठवते? रोजच्यासारखाच कार्यक्रम होता तो."