उस्ताद आणि कायद्याच्या बाई

पोलीस लाईनीतल्या नळाला पाणी बारीक यायचं. एक हंडा भरेस्तोवर दोन किस्से ऐकून व्हायचे आणि एक आपला सांगून व्हायचा. हंडे घरी जाऊन रिकामे झाले, किस्से मात्र भरलेलेच राहिले! त्यातले हे कायद्याच्या बाईंचे. मला नातवंडं झाली, तरी ते आठवले की पोटात अजून थोडं जळतंच.

आमचे हे नाशकात नव्या पोलिसांना कवायत शिकवायचे. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. मैदानावर ते 'सावधान' ओरडले की इकडं माझ्या हातातली पळी थांबायची. घरीही तोच आवाज. हुकूम यायचा, 'तुझं काय म्हणणं?' असं कधी आलं नाही.

लाईनीत एकाच घरी फोन होता, तेव्हाची ही गोष्ट. लुनावरून एक वकीलबाई शिकवायला यायला लागल्या. पोलिसानं बळ कधी वापरायचं, किती वापरायचं, आणि न वापरता चिडलेला माणूस शांत कसा करायचा. झालं! त्या दिवसापासून भाजीत मीठ नसलं तरी चालायचं, पण 'बाई म्हणाल्या' म्हटल्याशिवाय ह्यांना घास उतरेना.

*

पहिल्याच आठवड्यात जेवताना म्हणाले, "बाई म्हणाल्या, आधी तोंड वापरा. लाठी सगळ्यात शेवटी."

मी म्हटलं, "त्यात काय नवीन? मी लग्न झाल्यापासून तोंडच वापरतेय!"

"तेच सांगितलं मी बाईंना," हे म्हणाले. "तर त्या म्हणाल्या, वहिनींना एकदा वर्गात आणा!"

म्हणजे माझी चहाडी तिकडं, आणि हसणंही तिकडं!

*

सुरगाण्याचा एक पोरगा होता, मितभाषी. बाईंनी विचारलं, "तू एकटा आहेस आणि जमाव चालून आला. काय करशील?"

"मागं पळन."

वर्ग खो खो हसला. दाराशी उभे असलेले आमचे हे लाल झाले. "माझा जवान पळणार?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "उस्ताद, मागं सरकून मदत बोलावणं म्हणजे पळणं नाही. बरोबर आहे त्याचं."

हे वाक्य ह्यांना इतकं आवडलं, की रात्री भाकरी मोडता मोडता मला दोनदा ऐकवलं. तिसऱ्यांदा सुरू केल्यावर मी म्हटलं, "मग आता ताटावरून मागं सरका!"

*

मालेगावचा एक पोरगा म्हणायचा, "आमच्याकडं दोन सायकली धडकल्या की मी पहिलं विचारतो, किधर लगा? ज्याला लागलं तो दाखवतो, दुसरा वाकून बघतो. भांडण निम्मं तिथंच संपतं." बाईंनी त्याला सगळ्यांपुढं शाबासकी दिली.

मला वाटलं, हे मलाही जमेल. दुसऱ्याच दिवशी नळावर दोघी जुंपल्या. मी मध्ये पडून विचारलं, "कुठं लागलं गं?"

एकीनं कोपर दाखवलं. दुसरीनं गुडघा दाखवला. मग जास्त कुणाला लागलं यावरून अशी जुंपली, की दोघींचे हंडे चेपले!

वर त्या मलाच म्हणाल्या, "राहू द्या काकू. कायद्याच्या बाईंनाच विचारतो."

*

एकदा हे बाईंना घरी घेऊन आले. मनातून वाटत होतं, बाई तोऱ्यात असाव्यात, नाक मुरडावं, म्हणजे मला बोलायला जागा मिळेल. तर बाई सरळ पाटावर बसल्या. नागलीची भाकरी आणि ठेचा खाल्ला. दुसरी मागून घेतली!

हे माझ्याकडं वळून म्हणाले, "अगं, भाकरी चांगली झालीय!"

इतकी वर्षं हा माणूस कुणाच्या भाकरीवर शिट्ट्या फुंकत होता?

*

शेवटी परीक्षा आली. पोराला आत ठेवलंय म्हणून आई ठाण्याच्या दारात आकांत करतेय, तिला शांत करायचं. आधी एका पोराच्या डोक्यावर ओढणी टाकून त्यालाच आई केलं, तर सगळे हसून लोळले. मग बाईंनी मला बोलावलं.

पहिला आला. "बाई, मागं व्हा!"

मी म्हटलं, "तुझ्या आईला असंच म्हणशील का रे?" तोच मागं झाला.

दुसऱ्यानं पाठ केलेला इशारा घडाघडा म्हटला. मी म्हटलं, "पाणी पी बाळा, घसा सुकला." सुरगाण्याचा तर मला बघूनच मागं सरकला!

बाई हसत म्हणाल्या, "उस्ताद, आता तुम्हीच या."

हे आले. शिट्टी वाजवली नाही. लाठी भिंतीला टेकवली, टोपी काढली, आणि मुरमावर माझ्यासमोर मांडी घालून बसले.

"बसा," म्हणाले. "तुमचं काय म्हणणं आहे?"

मी बसले. आतला पोरगा कुठला नि काय, सगळं विसरले. दिवाळीला माहेरी दिंडोरीला कधी नेलं नाही, ते निघालं. पत्रा गळतो, ते निघालं. मी आठ दिवस तापानं फणफणले होते, तेव्हा ह्यांनी परेड चुकवली नव्हती, ते निघालं. 'बाई म्हणाल्या, बाई म्हणाल्या' तेही निघालं. पोरं आपापल्या बुटांकडं बघत उभी. आणि हे? एकदाही मध्ये बोलले नाहीत. मी थांबले की हळूच म्हणत, "अजून?"

सगळं बोलून झालं. मी पदरानं तोंड पुसलं.

बाईंनी विचारलं, "काय वहिनी, झालात ना शांत? उस्ताद पास?"

"नापास!" मी म्हटलं. "उद्या परत घ्या ह्यांची परीक्षा. मी येते."