धाकटीच्या कोठीतला दुरांता

वालूरचं शेत मुलाच्या हवाली करून सरजाबाई सेलूच्या घरी राहायला आल्या, तेव्हा फाटकाशी काय लावायचं यावर घरात वाद झाला. त्यांनी रोपवाल्याकडून दुरांता आणला.

"खाता येत न्हाई, देवाला वाहता येत न्हाई. कशाला मंग?" त्यांच्या नवऱ्यानं, माणिकरावांनी विचारलं.

"बघायला! जलमभर खायचंच पेरलं की आपण."

भादव्यात त्या झुडपाला मण्यांसारख्या केशरी फळांचे घोस लोंबतात, बुलबुल भांडतात. सरजाबाई चहाची बशी घेऊन पायरीवर बसतात. ती त्यांची चैन.

यंदा महालक्ष्म्यांच्या जेवणादिवशी सकाळी रांगोळीला गेलेली त्यांची सून अर्पिता फाटकातूनच ओरडली, "आई! खालचे घोस कुठं गेले? विषारी असतात ते, रोपवाल्यानं सांगितलं होतं!"

चार वर्षांची भक्ती, अर्पिताची लेक, उंबऱ्यात उभी होती. हात चिकट.

"भक्ती, खाल्लेस का मणी?"

पोरीनं दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबलं.

"आ कर! आ कर म्हणते ना!" अर्पिता रडकुंडीला आली. न्हाईच. दातावर दात.

"गाडी काढतो, दवाखान्यात चला," म्हणत माणिकराव चावी शोधायला लागले.

"पोरीला काय झालं तर मुळासकट उपटते त्या झुडपाला," सरजाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात त्यांना दिसलं, भक्ती आईकडं बघतच नव्हती. ती बघायली होती महालक्ष्म्यांकडं.

थोरली अन् धाकटी, दोघी पत्र्याच्या पोकळ कोठ्यांवर उभ्या असतात. कोठीला मागून झाकण. आत धान्य घालून त्यांचं पोट भरायचं, अन् काय घातलं ते बोळवणीपर्यंत कुणाला सांगायचं न्हाई, ही सरजाबाईंच्या माहेरची रीत. कालच त्यांनी नातीला दटावलं होतं, "बोललीस तर रुसतील हां!"

सरजाबाई तिच्यासमोर खाली बसल्या.

"भक्ते, थोरलीच्या पोटात मी काय घातलं, सांगू?"

"आई, रीत मोडायली तुमची!"

"मोडू दे. रुसल्या तर माझ्यावर रुसतील. गहू घातलेत, खारीक घातली, अन् तुझ्या आबाची तंबाखूची डबी घातली."

"आँ?" चावी हातात घेऊन माणिकराव थबकले. "कालधरनं घर उलथंपालथं करायलोय मी!"

भक्ती खुदकन हसली, हात खाली आले. "मी धाकटीला मणी दिले."

सरजाबाईंनी झाकण उघडून हात घातला. घोस बाहेर आले, देठासकट, अख्खे.

"एखादा तरी चाखलास का गं, माय?"

"आज्जी! नैवेद्याच्या आधी कुणी खातं का?"

अर्पितानं तिला उराशी धरलं. मग एकदम दूर करून विचारलं, "म्हणजे... नैवेद्यानंतर खाणार होतीस?"

"होऽ. सगळ्यांनाच देणार होते."

माणिकराव कात्री घेऊन फाटकाकडं निघाले. सरजाबाईंनी भक्तीला झुडपापाशी उभं केलं, हात वर करायला लावला, टाचा उंच करायला लावल्या. माणिकरावांनी तिच्या बोटांच्याही वरपर्यंतचे घोस कापून उतरवले.

"दरसाल पोर वाढंल की," माणिकराव म्हणाले.

"दुरांताबी वाढंल."

"अन् माझी डबी?"

"उद्या. बोळवण झाल्यावर."