निम्मे शिपाई

धाकट्या भावाला देवळालीच्या छावणीत भरती व्हायचं होतं आणि मला ते मुळीच पसंत नव्हतं. एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. मी नाशिकच्या एका शाळेत इतिहास शिकवत होतो, त्यामुळे कुठल्याही भांडणात आपल्याजवळ पुरावा असतोच अशी माझी समजूत होती. होकार आईचा हवा होता. मी पुरावा घेऊन तिच्याकडे गेलो.

पुरावा रोमन फौजेचा होता. वाचनालयातल्या एका जाडजूड पुस्तकात तो वाचून मी हबकलोच होतो. शिपायाची नोकरी पंचवीस वर्षांची, आणि ती पुरी करून घरी जायला जवळपास निम्मेच उरत. बरं, गेलेले लढाईत गेले म्हणावं, तर तेही नाही. बहुतेक छावणीतच तापानं नाहीतर हगवणीनं जात.

आई घोटीचे तांदूळ निवडत होती. भाऊ उंबऱ्यावर बसून नाकपुडीचं भोक चाचपत होता. आधीचं मूल दगावलं की पुढच्या मुलाचं नाक टोचायचं, म्हणजे मरणाला वाटावं ही मुलगी आहे. त्या भोकावरून मी त्याला आयुष्यभर चिडवलं होतं.

मी आईला सगळं रंगवून सांगितलं. "निम्मेच जगायचे गं! निम्मे!"

तिचा हात सुपात थांबला. "निम्मे जगायचे? इतके?"

"इतके?" मी विचारलं.

"मला सात झाली," ती म्हणाली. "तुम्ही दोघंच उरलात. घरात कुणी तलवार घेऊन आलं नव्हतं. तापच आला, नि हगवण."

सात! मला एकच ठाऊक होता, भावाच्या आधीचा.

"बाकी चौघं तुझ्या आधीची. तुझंबी नाक टोचलं होतं. भोक बुजलं, एवढंच."

माझा हात आपोआप नाकाकडे गेला. जन्मभर मी स्वतःला थोरला समजत आलो होतो, आणि मी पाचवा होतो. रोमच्या शिपायांसाठी हळहळणाऱ्या मला माझ्याच घरातली माणसं माहीत नव्हती. लाज वाटली, फार लाज वाटली.

"तिथं डॉक्टर असतो का रे?" आईनं धाकट्याला विचारलं.

"असतो. मोठा दवाखाना आहे."

"मग जा."

तिनं सूप पुढं ओढलं. मग माझ्याकडे वळून अगदी मनापासून विचारलं, "आणि तुला नाय का घेणार?"