कुंकवाखालचा नंबर

बाबांचं रिव्हॉल्वर आमच्या घरात कधी चाललेलं मी पाहिलं नाही, पण दसऱ्याला ते पाटावर बसायचं. आई विळे, कोयते, कुऱ्हाड मांडायची आणि मधोमध ते. सगळ्यांना ओल्या हळदकुंकवाची बोटं लागायची, तशी त्यालाही. आजोबांनी ते जंगलखात्यातल्या एका इंग्रज साहेबाकडून विकत घेतलेलं. सहा गोळ्यांचं, मधून मोडून उघडणारं. पूजेच्या दुसऱ्या दिवशी बाबा ते उघडायचे, सहाही घरं रिकामी आहेत ना हे उजेडात बघायचे आणि तेलाचा बोळा फिरवायचे. मुठीच्या वरच्या कुंकवाला मात्र हात लावत नसत. देवाचं आहे, राहू द्या, म्हणायचे.

बाबा गेले तेव्हा मी भिलाईला होते. चौथीनंतर माझी शाळा सुटली, पुढं लग्न झालं आणि बीबी या आमच्या गावापासून इतक्या लांब, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये येऊन पडले. त्या वर्षी यजमानांनी मला दोनदा माहेरी पाठवलं, एकदा बाबांच्या दिवसांना आणि एकदा पावसाळा सरताना. त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे, कारण त्या दुसऱ्या खेपेलाच मला माझी आई नीट दिसली.

लायसनवाला माणूस गेला की हत्यार ठाण्यात जमा करावं लागतं. आमचंही लोणारच्या ठाण्यात गेलं. आईनं ते परत मिळावं म्हणून स्वतःच्या नावानं अर्ज केला. गावात हसले लोक. धाकटे काका तर तोंडावरच म्हणाले, "वहिनी, त्याच्यानं काय पापड लाटता?"

आईनं कारण मला सांगितलं. घर मळ्यात, गावापासून दूर, आणि बाबा गेल्यापासून बांधावरची माणसं आवाज चढवून बोलायला लागली होती. ते हत्यार घरात आहे एवढं लोकांना ठाऊक असलं तरी पुरे, असं तिचं म्हणणं. मग बाबांबद्दल म्हणाली, "त्याहीनं मले तेल द्याले शिकवलं. दुसऱ्याच्या हाती काऊन देऊ?"

मी असतानाच ठाण्यातून निरोप आला. हत्यारावरचा नंबर लायसनाशी ताडून बघायचा होता. जुळला तर अर्ज बुलढाण्याला जाणार, नाही तर हत्यार सरकारजमा.

आई, काका आणि मी एस.टी.नं गेलो. आईला कुणी पोलिसानं चार शब्द सुनावले तर आपण काय करायचं, हाच विचार वाटभर. जमादार पिकल्या मिशांचे होते. त्यांनी आईला बाकावर बसवलं, बाबांचं लायसन उलगडलं आणि हसून म्हणाले की या कागदानं तीन राज्यं पाहिली, मध्यप्रदेश, मुंबई आणि आता महाराष्ट्र. मग कातड्याच्या पिशवीतून रिव्हॉल्वर काढलं. पावसाळाभर ओल धरून ते तांबारलं होतं. मुठीच्या वर, जिथं नंबर कोरलेला, तिथं तर वर्षानुवर्षांच्या कुंकवाची आणि गंजाची तपकिरी खपली बसलेली. बाकीचे इंग्रजी आकडे जुळत होते. शेवटचा कागदावर तीन होता, लोखंडावर आठ.

"बाई, मले आठ दिसून राह्यला," जमादार म्हणाले. "मी तीन कसा लिहू?"

माणूस वाईट नव्हता. सही त्यांना करायची होती.

काका म्हणाले, विटेचा भुगा आणा, दोन मिनिटांत चकाचक करतो. एका शिपायानं काचकागदाचा तुकडाही शोधून आणला. आईनं रिव्हॉल्वरवर हात ठेवला.

"रगडलं तं आकडाच जाईल. मंग तुमीच म्हनसान, बाईनं नंबर खोडला. कुंकू मीच लावलं, मीच काढीन."

जमादारांनी हत्यार उघडून रिकामं असल्याची खात्री केली आणि समोर खुर्ची टाकून बसले. आईनं कंदिलातलं थोडं घासलेट मागितलं, जुन्या धोतराची चिंधी मागितली, कोपऱ्यातल्या टोपलीची एक कामटी मोडून तिला टोक केलं. थेंब सोडायचा, मुरू द्यायचा, मग कामटीनं आकड्याच्या कडेकडेनं हलकेच उकरायचं. वरचं तपकिरी निघालं आणि आतून कुंकू आलं. चांगलं लाल. बाबा गेल्यापासून आईच्या बोटाला कुंकू लागलेलं मी पाहिलं नव्हतं. ती ते फुंकून टाकत नव्हती, पदराच्या टोकावर घेत होती. काका उठून चहा सांगायला बाहेर गेले.

आईला वाचता येत नव्हतं. "काय दिसते वं?" तिनं मला विचारलं. इंग्रजी आकडे मला शाळेनं नाही, भिलाईच्या क्वार्टरांच्या दारांनी शिकवले होते. आठच दिसत होता. खोटं बोलायचा मोह झाला, पण जमादार समोर होते. आठ, म्हटलं. तिनं मान हलवली आणि पुन्हा थेंब सोडला. तीनदा असं झालं. चौथ्या वेळी डावीकडची खपली अख्खी सुटली आणि आठ डावीकडून उघडा पडला.

"आता?"

"तीन."

जमादारांनी ते खिडकीपाशी नेऊन दोन बाजूंनी पाहिलं आणि मग लिहिलं. परत बाकापाशी येऊन सांगितलं की आता हे कातड्याच्या पिशवीत ठेवू नका, कातडं ओल धरतं. आईनं ते लक्षात ठेवलं. ते कुंकू बांधलेली पदराची गाठ तिनं कुठं सोडली, ते मी कधी विचारलं नाही. ठाण्याच्या पायऱ्या उतरताना काका शिपायाला म्हणाले, "आता वहिनीसंगं भांडाचं तं जपून बापा."

लायसन आईच्या नावानं आलं. पुढच्या वर्षीच्या दसऱ्याला मी पुन्हा गेले. काकू हळदकुंकवाचं ताट घेऊन आल्या, आईला आता ते चालत नव्हतं म्हणून. विळ्याकोयत्यांना बोटं लागली. रिव्हॉल्वर मात्र आईनं तेलाचा हात फिरवून सुती कापडावर वेगळं ठेवलं, आणि शेजारी, टेकणार नाही असं, झेंडूचं कोरडं फूल. देवाला चालेल का, काकांनी विचारलं.

"देवालेही नंबर वाचता आला पायजे," आई म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "वाच वं."

भावकीतली सगळी जमलेली. मी तो नंबर पहिल्यापासून शेवटच्या तीनापर्यंत मोठ्यानं वाचला, आणि तो बरोबर आहे ना हे बघायला कुणाला कागद काढावा लागला नाही. आईला तो पाठ होता, प्रत्येक आकड्याला ती मान डोलावत होती.